न धुतलेला शर्ट

४ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी भांडण. फोनवरच भांडले असते, पण फोनवर तुम्ही "हो ताई, हो ताई" म्हणता आणि शेवटी स्वतःला हवं तेच करता, हे मी पुरतं ओळखून आहे. म्हणून लेखी.

छोट्याच्या शर्टांचं पार्सल काल पोचलं. मला इतकाही धीर नव्हता की पोस्टमन जाईपर्यंत थांबावं, त्याच्यासमोरच खोका फोडला. आत बघते तर इस्त्रीच्या घड्या. कॉलरमध्ये पुठ्ठा घालायचा तेवढा राहिला होता. नाक खुपसलं तर लिंबाचा वास. अहो, माझ्या भावाच्या अंगाला जन्मात कधी लिंबाचा वास आलाय? शिलाई मशिनी दुरुस्त करणारा माणूस तो. त्याला मशीनच्या तेलाचा वास यायचा, गंजक्या लोखंडाचा यायचा, दुपारनंतर घामाचा यायचा. लहानपणापासून तो दारातून आत आला की मला न बघता कळायचं.

मी तुम्हाला काय सांगितलं होतं? जसे आहेत तसे पाठवा. यात न समजण्यासारखं काय होतं? मला ते डागच हवे होते. खिशाच्या कोपऱ्यावर पेनाची शाई, बाहीला तेलाची बोटं, कॉलरवरची ती काळी रेघ. ते सगळं तुम्ही घासून, उकळून, पिळून टाकलंत. शर्ट पोचले, त्यातला माणूस गटारात गेला.

घरी बसून कार्डं करते म्हणजे बाई वेळ घालवते, असा आपल्या सगळ्या खानदानाचा समज आहे. बाकीच्यांचं सोडा, तुम्हाला तरी माहीत असायला हवं होतं. कुणाच्या बाळाचं दुपटं, कुणाच्या आजोबांचा रुमाल, लोक मला आणून देतात. त्याचे तुकडे जाड कागदावर शिवून मी त्यांना वाढदिवसाची, लग्नाची, निरोपाची कार्डं करून देते. या वेळेस कार्ड नाही, अख्खा पडदा करायचा आहे, भिंतीएवढा. त्याचे शर्ट, त्यावर कागद, बटणं, मशीनचे जुने भाग, सगळं एकत्र शिवायचं. एप्रिलमध्ये इथल्या सभागृहात प्रदर्शन आहे. प्रदर्शनवाल्या बाई याला 'मिश्र माध्यम' म्हणतात. मी त्याला छोट्या म्हणते.

आणि मुख्य शर्ट कुठे आहे? दुकानात अंगावर चढवायचा तो, तपकिरी चौकड्यांचा. खोका दोनदा उलटा करून बघितला. पडद्याच्या बरोब्बर मधे तोच लावायचा आहे, त्याच्याशिवाय बाकी सगळं म्हणजे नुसती कपड्यांची घडी. तो ताबडतोब पाठवा. आणि कृपा करून त्याला पाणी दाखवू नका.

माझी मशीनही नोव्हेंबरपासून अडून बसली आहे. तो गेला त्या आठवड्यातच. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची इच्छा नाही, म्हणून सगळं हातानं शिवतेय.

ताई

१३ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून चार दिवस उत्तर लिहिलं नाही. ती अजून पुरती उतरलेली नाही, पण आता लिहिते.

मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात काम करते, हे तुम्ही चारचौघांत सांगताना "वहिनी हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच सांगता. असो. तिथे आमचा एकच नियम आहे, न धुतलेलं कापड दाराबाहेर जात नाही. चादर असो, डॉक्टरांचा कोट असो नाहीतर पायपुसणं. तोच माझा घरचाही नियम. ह्यांचे कपडे मी लोकांच्या घरी मळके पाठवू? आणि तेही पोस्टानं? ह्यांनी स्वतः तुमच्याकडे कधी मळका शर्ट घालून पाय ठेवलाय? तुमच्याकडे यायचं म्हटलं की दुकानातून घरी येऊन आंघोळ करायचे, शर्ट बदलायचे, मग निघायचे. तुम्हाला तेलाचा वास यायचा म्हणता तो लहानपणचा असेल. माझ्या संसारात तुमच्या दारात जाणारा माणूस साबणाच्या वासाचा होता.

आणि तुम्ही गटार म्हणालात ते मला फार लागलं. ताई, ते शर्ट मी मशीनमध्ये टाकले नाहीत. एकेक हातानं धुतला. एवढी वर्षं दर रविवारी ह्यांचे कपडे धुतले, धुताना हमखास कुरकुर केली, खिशातले स्क्रू काढून ठेवत जा म्हणून ओरडले. आता परत कधी धुवायला मिळणार होते मला? माझं ते शेवटचं धुणं होतं. तुम्हाला डाग हवे होते, मान्य आहे. मला धुवायचं होतं.

आता दुकानातल्या शर्टाबद्दल. तो मी पाठवणार नाही. त्या दिवशी हे जेवायला घरी आले, तेव्हा तो काढून दुकानात खिळ्याला अडकवून आले होते. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. मी दुकान रिकामं करायला गेले तेव्हा तो तिथेच होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या तशाच. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि कपाटात वर ठेवला. तेवढाच एक मी धुतलेला नाही. तो मी धुणार नाही आणि तुम्हीही कापणार नाही.

कापण्यावरून आठवलं. तुमच्याकडे ह्यांचा एक जुना निळा शर्ट राहिला होता. त्याचे चौकोन कापून तुम्ही ह्यांच्या गिऱ्हाइकांना आभाराची कार्डं पाठवलीत. कोपऱ्यावरच्या टेलरनं ते मला दुकानात सगळ्यांसमोर काढून दाखवलं. "बघा ना, साहेबांचा शर्ट." मी रिळं घ्यायला गेले होते, ती तिथेच टाकून घरी आले. मला आधी एक शब्द सांगावासा वाटला नाही तुम्हाला?

वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

कार्डांबद्दल आधी. तो गेला तेव्हा त्याच्या गिऱ्हाइकांनी काय काय केलं ते तुम्ही बघितलंत. त्यांना काय छापील कार्ड पाठवायचं होतं? दुकानातलं, सोनेरी अक्षरांचं? एकेका कार्डावर दिवस गेलाय माझा. तुकड्याच्या कडा मोकळ्या ठेवल्या, खाली मशीन दुरुस्तीच्या पुस्तकाचं पान चिकटवलं, वर त्याच्याच डब्यातलं एकेक बटण. तुमच्या त्या टेलरनं ते अजून गल्ल्यावर उभं करून ठेवलंय, त्याची बायको मला सांगत होती. एक शब्द सांगायला हवा होता, हे खरं. पण सांगितलं असतं तर तुम्ही आधी तो शर्ट धुवायला मागितला असता.

आता शर्टाचं. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून? अहो, कापडाला श्वास लागतो. घामाचा ओलावा आतल्या आत कोंडला की बुरशी धरते, तेल चिकट होतं आणि कापड कुजतं. मी बोलते ते अनुभवानं बोलते, उगाच शहाणपणा करत नाही. तुम्ही जपताय म्हणता आणि तिकडे कपाटात त्याचं लोणचं घालताय. माझ्याकडे पाठवलात तर मी तो मोकळा करीन, अख्खा लावीन, दिसेल असा. पन्नास माणसं उभी राहून बघतील. कपाटात वर कोण बघतंय?

एक चांगली गोष्ट घडली ती सांगते, म्हणजे तुम्हाला वाटू नये की ही बाई फक्त भांडते. तुमच्या त्या कडक इस्त्रीचे शर्ट मी परत पाण्यात घालून मऊ केले आणि उजेडाला धरले. तर त्यांच्यावर काय सापडलं सांगू? रफू. कोपरावर, खिशाखाली, कॉलरच्या वळणावर. इतकं बारीक की बोट फिरवलं तर कळणार नाही, उजेडातच दिसतं. मी बघतच राहिले. हे मी त्याला शिकवलं होतं, तो शाळेत असताना, स्वयंपाकघरातल्या बाकावर बसवून. विसरला असेल असं मी धरून चालले होते. मोठा झाल्यावर काय, त्याला मशीन हवी. पण बोटं विसरत नाहीत.

म्हणून मी सगळा आराखडा बदलला आहे. आता पडदा त्या रफूंचा. शर्ट अख्खे लावायचे नाहीत, फक्त रफूभोवतीचा भाग कापून घ्यायचा आणि पातळ कागदावर बसवायचा, मागून उजेड आला की टाके दिसले पाहिजेत. त्याच्या हातचे टाके. मधे फक्त दुकानातला शर्ट.

तुमचा हक्क आहे, मला कळतं. पण मी त्याची बहीण आहे, वहिनी. तुमच्या आधीपासून आहे.

ताई

२६ मार्च

ताईंना नमस्कार.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की दोन ओळींतच कागद फाडून टाकायचे. तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, फोनही घेतला नाही, त्याबद्दल काही म्हणत नाही. आज प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. छापील. त्यात तुमच्या कामाचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, "भावाच्या हातचे टाके".

तो रफू माझा आहे.

एकूण एक टाका माझा आहे. ह्यांनी लग्नानंतर हातात सुई धरलेली मी पाहिली नाही. मशीनच्या सुया शेकड्यांनी बदलल्या असतील, पण शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट माझ्या मांडीवर आणून टाकायचे आणि समोर बसून राहायचे, होईपर्यंत. मी म्हणायचे, जा ना, दुसरं काही करा. ते म्हणायचे, नाही, बघतो. हॉस्पिटलमध्ये आम्ही फाटलेल्या चादरी रफू करतो, तिथे शिकले मी. तुम्हाला कुणी सांगितलं की ते ह्यांचं काम आहे? कुणी नाही. तुम्हाला वाटलं. तुम्हाला वाटलं की झालं, ते छापून येतं.

तुम्ही आधीच्या आहात हे मला रोज माहीत होतं, ते लिहून कळवायची गरज नव्हती. लग्न झालं तेव्हापासून मी तुमच्या भावाची बायको. आता भाऊ नाही. मग मी तुमची कोण लागते, ते मला कळत नाही. त्या भिंतीवर सुद्धा मी कुठे नाही आणि तिथे लावलंय ते सगळं माझंच आहे.

शर्ट मागू नका.

वहिनी

९ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि खरं सांगते, विश्वास ठेवला नाही. म्हटलं, रागात लिहिलंय. भिंग घेतलं आणि खिडकीशी बसले. माझ्या हाताचा रफू उजवीकडून डावीकडे जातो, छोट्याला मी तसाच शिकवला होता. शर्टावरचा एकूण एक रफू डावीकडून उजवीकडे गेलाय. तुम्ही डावखुऱ्या आहात. लग्नाच्या जेवणात तुमचं कोपर सारखं माझ्या ताटाला लागत होतं, मी कशी विसरले असेन ते? दोन महिने त्या टाक्यांवर बोटं फिरवतेय आणि मला दिसू नये.

पण मला इतका राग आलाय, इतका आलाय, तो तुमच्यावर नाही. त्या हरामखोरावर. ऐका. दोनेक वर्षांपूर्वी तो इथे आला होता, माझ्या मशीनचा पट्टा बदलायला. राखाडी शर्ट, कोपरावर रफू. मी म्हटलं, "अरे वा, अजून येतंय की तुला." तर तो काय म्हणाला असेल? काही नाही म्हणाला. नुसता हसला आणि बाही पुढे केली, नीट बघता यावं म्हणून. शाबासकी खिशात घालून गेला, मेला. तुमच्या कामाची. तुम्हाला घरी येऊन सांगितलं सुद्धा नसेल. आज इथे असता तर त्याच पट्ट्यानं बडवला असता.

आता पुढचं. प्रदर्शन परवा उघडलं. मी आधी गेले आणि प्रदर्शनवाल्या बाईंना म्हटलं, पडद्याखालची ती चिठ्ठी काढा, टाके माझ्या वहिनीच्या हातचे आहेत. तर म्हणतात, आता छापून झालंय, आणि "भावाच्या हातचे" यात जास्त भावना आहे. भावना आहे म्हणे. मग मधल्या रिकाम्या जागेसमोर उभ्या राहिल्या, तुमचा शर्ट यायचा होता ना, तिथे, आणि चार पाहुण्यांना सांगायला लागल्या की ही पोकळी किती बोलकी आहे, हा कलावंताचा विचारपूर्वक निर्णय आहे. मी मागेच उभी होते. म्हटलं, "पोकळी नाही हो ती. माझ्या वहिनीनं शर्ट दिला नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग मी स्टूल ओढलं, वर चढले आणि पडदा उतरवला. बाई म्हणाल्या, असं करता येत नाही. मी म्हटलं, बघा, येतंय. गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणला. पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. न बोलावोत. मला माझ्या कार्डांची चिकार कामं आहेत.

तुम्ही माझ्या कोण लागता विचारलंत. हा काय प्रश्न झाला? एवढी भांडणं मी परक्या माणसाशी केली असती का?

शर्ट ठेवा तुमच्याकडे. परत मागणार नाही. फक्त त्या पिशवीतून काढा, वहिनी. एवढं माझं ऐका.

ताई

२१ एप्रिल

ताईंना नमस्कार.

तुम्ही स्टुलावर चढलात ते वाचून हसले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा, आणि मग हसले म्हणून स्वतःचाच राग आला. ह्यांनी मला ते बाहीचं खरंच सांगितलं नव्हतं. आता विचारावं तर कुणाला.

काल सुट्टी होती. पिशवी खाली काढली. गाठ सुटेना, शेवटी कात्री लावली. ताई, मी कित्येक दिवस स्वतःला समजावलं होतं की एकदाच उघडायची, एकदाच वास घ्यायचा आणि परत बंद करायची. ती एकच चैन मी शिल्लक ठेवली होती. तोंड आत घातलं.

काही नाही. ह्यांचा वास नाही, तेलाचा नाही, काही नाही. प्लास्टिकचा वास, आणि बंद माठाला येतो तसा कुबट वास. कॉलरच्या आत पांढरे ठिपके धरलेत. तुम्ही फेब्रुवारीत लिहिलं होतंत आणि मी तुमच्यावरच्या रागानं पिशवीला हात लावला नाही. तुम्हाला मिळू नये म्हणून जपला आणि मलाही मिळाला नाही. मला इतका संताप आला की शर्ट जमिनीवर आपटला. ह्यांनाही बोलले, जे तोंडाला येईल ते. अचानक उठून गेलात, दुकानाचं कुलूप सुद्धा मला लावायला लागलं, आणि एवढासा वास मागे ठेवता आला नाही तुम्हाला. शेजारणीनं भिंत ठोठावली.

मग तो उचलला. बुरशी धरलेलं कापड तसं ठेवता येत नाही, पसरते. दुसऱ्या कुणाचं असतं तर दोन मिनिटं विचार केला नसता. बादली भरली, साबण घेतला आणि धुतला. दुमडलेल्या बाह्या उलगडाव्या लागल्या, ते सगळ्यात अवघड गेलं. ह्यांनी घातलेल्या घड्या होत्या त्या. आत मशीनच्या पट्ट्याचा चुरा होता, धाग्यांची टोकं होती, कुठल्या कुठल्या रंगांची. पाणी काळं झालं. इतकं काळं मी हॉस्पिटलमध्येही क्वचित पाहिलंय. वर तेलाचे गोल तरंगत होते.

शर्ट वाळला. स्वच्छ निघाला, माझं काम आहे ते. सोबत पाठवतेय, इस्त्री केलेली नाही. लावा पडद्याच्या मधे किंवा कापा, तुम्हाला वाटेल ते करा. आता तो नुसता शर्ट आहे.

पण मला ते पाणी ओतवत नाही. शर्ट काढून घेतला, बादली उचलली, मोरीपर्यंत नेली आणि उभी राहिले. तुमचा तो गटाराचा शब्द आठवला. परत ठेवली. तिच्यावर ताट झाकलंय. आंघोळीला दुसरी बादली आणली. मी धुलाईवाली बाई, आयुष्यभर मळकं पाणीच ओतलं, आणि आता हे एक बादली पाणी घेऊन बसलेय. कुणाला सांगायची सोय नाही, लोक वेडी म्हणतील. म्हणून तुम्हाला लिहिलं.

वहिनी

२४ एप्रिल

वहिनी,

पाणी ओतू नकोस.

सकाळपासून फोन करतेय, तू कामावर असशील. हे पत्र आजच्या आज कुरियरनं पाठवतेय. हे पोचायच्या आत ओतलंस तर माझ्याशी गाठ आहे.

नीट वाच आणि जसं सांगते तसंच कर, या वेळी तरी. पांढरं सुती कापड घे, जुनी चादर चालेल, तुझ्याकडे ढिगानं असतील. ते तुझं लिंबाचं औषध त्याला लागलेलं नको. मोठा पसरट टब घे. बादली हलकेच ढवळ, खाली बसलेलं सगळं वर येऊ दे, मग टबात ओत आणि चादर त्यात सुरकुत्यांसकट बुडवून ठेव. पिळायची नाही. चोळायची नाही. खळबळून काढायची तर अजिबात नाही. टब उन्हात ठेव आणि पाणी आपोआप आटू दे, कितीही दिवस लागोत. मी गंजलेल्या सुयांचं पाणी, चहाचं पाणी असंच कापडावर उतरवते. पाणी जातं, पाण्यातलं कापडावर राहतं.

झाकण काढ त्याच्यावरचं. परत कोंडू नकोस.

शर्ट पोचला. तो मी कापला नाही. टेबलावर पसरून सकाळपासून कात्री घेऊन बसले होते. एवढी कात्री चालवलेली बाई मी, लोकांच्या लग्नातले कपडे कापताना हात कचरला नाही. बाह्या तू उलगडल्यास तिथे घडीची रेघ अजून दिसते. धुवून गेलेली नाही ती. तू चांगलं धुतेस, पण तेवढं तुलाही जमलेलं नाही.

ताई

१० मे

ताईंना नमस्कार.

पत्र आलं तेव्हा बादली तशीच होती. तुम्ही सांगितलंत तसंच केलं, अक्षर न् अक्षर. गच्चीवर टब ठेवला, शेजारीण दोनदा विचारून गेली की काय रंगवताय. नवऱ्याचा शर्ट म्हटलं तर जिना उतरून गेली.

पाणी आटायला पुष्कळ दिवस लागले. काल चादर उचलली. तुम्ही काय अपेक्षा केली होती माहीत नाही. चित्र वगैरे काही नाही. जिथे जिथे सुरकुती होती तिथे करडी रेघ आहे, कडेला जरा काळी. जवळ घेतलं की तेलकट लागतं. अशा रेघा मी जन्मभर लोकांच्या कॉलरवरून घासून काढल्या. हिला पाणी लावलेलं नाही, इस्त्री केलेली नाही, घडीही घातलेली नाही. दोरीवर आहे, घरात.

अर्धी तुमची. पण कापून पाठवणार नाही. तुमचा माझ्यावर भरवसा नाही आणि माझा पोस्टावर नाही. तुम्ही या आणि तुमच्या हातानं कापा. येताना पडदा घेऊन या, त्यातले माझे टाके मला उजेडात बघायचे आहेत. कात्री तुमची आणा, माझी बोथट आहे. ह्यांच्या कॉटवर तुमची झोपायची सोय केली आहे, चादर धुतलेली आहे.

वहिनी